शिंग कुणी मोडलं

२ डिसेंबर

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. कालच्या सभेत सगळ्यांनी हात वर करून मला आवाराची प्रमुख केलं. हात वर करणारी माणसं काम पडलं की तेच हात खिशात घालतात, हे मला पक्कं माहीत आहे. कोण काय म्हणालं, ऐन वेळी कोण कुठं होतं, हे कागदावर असलेलं बरं. निवृत्त होईपर्यंत मी बसमध्ये तिकीट तपासनीस होते. माणसानं तोंड उघडायच्या आत मला कळतं की त्याच्याकडे तिकीट नाही.

काम असं आहे. जानेवारीत शहराची हिवाळी स्पर्धा, सगळ्यात देखणं आवार कुणाचं याची. गेल्या साली पलीकडच्या आवारानं बर्फाचा मॅमथ उभा केला आणि बक्षीस नेलं. त्यांची प्रमुख अकुलिना अजून त्या मॅमथवर बसल्यासारखीच चालते. यंदा आम्ही हिवाळ्याचा बैल करणार. उत्तरेच्या समुद्रातून येणारा, ज्याच्या श्वासानं आमची लेना नदी गोठते, तोच. जानेवारी सरताना त्याचं एक शिंग गळतं, मग दुसरं, मग मान, आणि वसंतात धड नदीच्या बर्फाबरोबर वाहून जातं. आम्ही ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर त्याचं शिंग उतरवणार, गरम धिरडी वाटणार. याकुत्स्कमध्ये हिवाळ्याचा मान राखायचा नाही तर कुठं राखायचा? हिरे आमच्या जमिनीतही निघतात, पण ते विकले जातात. थंडी आमची आमच्याकडेच राहते.

नदीवरून बर्फाच्या लाद्या आणायचं काम प्रोकोपीवर टाकलं. माझा नवरा. आयुष्यभर गोठलेल्या नद्यांवरून ट्रक हाकलेला माणूस. तर तो म्हणाला, “बघू.” बघू म्हणे. हा शब्द त्याच्या तोंडी मी आजवर ऐकलेला नाही.

९ डिसेंबर

लाद्या आल्या. निळ्याशार, आरपार दिसावं अशा. प्रोकोपीनं ट्रक आणला, पण उतरवायच्या वेळी साहेब कोटात हात घालून बाजूला उभे. बायकांनी टोमणे मारले, “काय प्रोकोपी, हात गोठले का?” तो नुसता हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठ धरली आहे म्हणतो. पाठ धरली तर हात छातीवर कशाला?

आणखी एक. हल्ली त्याला पाव आणायला फार वेळ लागतो. दुकान माझ्या खिडकीतून दिसतं, पण धुकं असलं की समोरचा दिवाही दिसत नाही आणि हा त्या धुक्यात गडप होतो. आज परत आला तेव्हा अंगाला फुलांचा वास येत होता. डिसेंबरात, याकुत्स्कमध्ये, फुलांचा वास.

१३ डिसेंबर

प्रोकोपीचा निळा मग सापडत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, फुटला असेल. फुटला असेल तर खापऱ्या कुठं गेल्या? या घरात फुटलेली वस्तू माझ्या नजरेतून गेल्याशिवाय कचऱ्यात जात नाही.

२० डिसेंबर

बैल पूर्ण झाला. असा झाला आहे की बघणाऱ्यानं वाट सोडून उभं राहावं. शिंगं माणसाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर, बाहेर वळलेली. आज सत्तेचाळीस होतं. (उणे वगैरे आमच्याकडे कुणी म्हणत नाही. उणे काय आहे आमच्यात?) सगळ्या आवारानं बैलाभोवती उभं राहून आइस्क्रीम खाल्लं. अकुलिना कुंपणापलीकडून बघत होती. “बैल छान आहे, फेक्लाबाई, नजर मात्र तुझी आली आहे त्याच्यात,” म्हणाली. मी म्हटलं, “म्हणजे चोर लांबूनच कळतील.”

प्रोकोपीनं दोन घास खाल्ले आणि बाकीचं कुत्र्याला घातलं. मी पाहिलं. कुणी पाहू नये म्हणून पाठमोरा झाला होता, ते तर आधी पाहिलं.

आमच्या इमारतीत खाली फुलांचं दुकान आहे. एर्मेक नावाचा किर्गिझ माणूस चालवतो, इथं येऊन तीन हिवाळे झाले त्याला. दारात गळपट्ट्यात गुंडाळून उभा होता. मी आइस्क्रीम दिलं तर मागं सरला. “नको ताई, फार थंडी आहे.”

असं सरळ तोंडावर म्हणाला. आमच्याकडे पन्नास झालं तरी माणूस म्हणतो, आज बरं आहे. थंडी वाजते हे शब्द परक्यांचे, नाहीतर वितळलेल्यांचे. वितळलेले म्हणजे जे दक्षिणेला पळाले ते. हा शब्द आवारात मीच रूढ केला आहे. आमची मुलगी कुन्नेय लग्न करून तिकडे क्रास्नोदारला गेली, पण तिची गोष्ट वेगळी. ती नोकरीसाठी गेली असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

२७ डिसेंबर

मी जिन्यात कचरा टाकायला गेले होते. परत आले तर प्रोकोपी स्वयंपाकघरात फोनवर कुन्नेयशी हळू आवाजात बोलत होता. “आईला सांगू नकोस,” एवढं ऐकू आलं. मग मला बघून मोठ्यानं, “हो का, तिकडे पाऊस आहे का.” बापलेकीत पावसाबद्दल कुजबुज कधी होत नाही.

मला संशय येतोच आहे. याला दक्षिणेला जायचं आहे. मुलीला फितवलं आहे, नाहीतर मुलीनं याला. मी जेवताना मुद्दाम म्हटलं, “लोक म्हातारपणी वितळतात, कसली लाज नाही राहिलेली.” तो ताटातले गोठवलेल्या माशाचे काप इकडून तिकडे करत राहिला. मग म्हणाला, “हो, लाज तर हवीच.”

१ जानेवारी

नवं वर्ष. पाहुणे आले, गेले. प्रोकोपी लवकर झोपला.

९ जानेवारी

बैलाचं डावं शिंग मोडलं.

दुपारी आवारात धुकं इतकं होतं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. एकोणपन्नास. चारच्या सुमारास मी खाली गेले तर शिंग बर्फात पडलेलं. परीक्षक पुढच्या शनिवारी येणार. आणि वेळेआधी शिंग पडणं हा काही साधा अपशकुन नाही. हिवाळ्याचा अपमान आहे तो, आमच्या आवाराचा तर आहेच.

मी कुणालाही पाय ठेवू दिला नाही. आधी नीट पाहिलं. बैलाजवळून पावलं निघाली होती आणि त्यातली एका माणसाची फरफटत गेलेली. शेजारी दुसऱ्याची मोठी, खोल पावलं. म्हणजे दोघं होते, म्हणजे कट होता. पावलं सरळ एर्मेकच्या दारापर्यंत गेली आहेत. बर्फात एक बोटाएवढी तपकिरी काचेची नळी सापडली, आत दाण्याएवढी एकच पांढरी गोळी. बर्फ भुसभुशीत करायचं काही रसायन असणार. मीठ टाकून वितळवतात, तसं. आयुष्यात मला डॉक्टरची पायरी चढावी लागली नाही, पण लबाडी ओळखायला डॉक्टर लागत नाही.

प्रोकोपी पाव घेऊन उशिरा आला, चेहरा पिठासारखा. मी नळी दाखवली तर आणखी पांढरा झाला. “पोरांचं खेळणं असेल,” म्हणाला आणि माझ्या हातातून घेऊन खिशात टाकली. मी म्हटलं, अरे, पुरावा आहे तो. तर म्हणतो, “फेकून देतो.” हा कुणाला वाचवतो आहे? तरुणपणी तो अकुलिनाबरोबर नाचायचा. मी काहीही विसरलेली नाही.

१२ जानेवारी

अकुलिनाला गाठलं. बाजारात दुधाच्या गोठलेल्या चकत्या घेत होती. मी आडवळणानं सुरू केलं, पण ती बाई सरळ मुद्द्यावर आली.

“तुझा बैल मोडून मला काय मिळणार? हरवायचंच असेल तर मी तुला उजेडात हरवीन.” मग चकत्या पिशवीत भरता भरता म्हणाली, “फेक्ला, सगळ्यांची तिकिटं बघतेस. घरातल्या माणसाकडे कधी बघितलंस?”

याचा अर्थ काय? म्हणजे प्रोकोपी सामील आहे आणि हिला माहीत आहे, असाच ना? रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही असं वाटतंय.

१३ जानेवारी

एर्मेककडे गेले. त्याच्या दुकानात पाय ठेवला की उबेनं डोळ्यांत पाणी येतं. ट्यूलिप, कसले कसले गुलाब, आणि कोपऱ्यात एक स्टूल. त्यावर उशी. मी विचारलं, हे कुणासाठी? म्हणाला, गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक उशीवर बसून फुलं घेतं का कधी?

शिंगाचं विचारलं तर तो हातातल्या फुलांची पानं खुडत राहिला. “मी मोडलं नाही, ताई.”

“मग कुणी मोडलं?”

“ते मी सांगणार नाही. शब्द दिला आहे.”

हाच कबुलीजबाब. ज्यानं काही केलं नाही तो शब्द कशाला देईल? मी रविवारी आवाराची सभा बोलावली आहे. विषय एकच, खालचं दुकान या माणसाकडे राहू द्यायचं की नाही. ज्याला आमचा हिवाळा सोसत नाही आणि आमचा बैलही सोसत नाही, त्यानं इथं का राहावं? बायकोपोरांना पैसे पाठवतो म्हणे. पाठवू दे, दुसरीकडून पाठवावेत.

१४ जानेवारी

शिंग पुन्हा बसवलं. पाणी ओतलं की इथं हाडसुद्धा जुळतं. पण परीक्षक येईपर्यंत पहारा हवा. संध्याकाळी पाच ते आठ प्रोकोपीची पाळी लावली. यात माझा दुहेरी हेतू आहे. एकतर बैल राखला जाईल, दुसरं म्हणजे हा माणूस निदान तेवढा वेळ माझ्या खिडकीखाली राहील आणि फुलांच्या वासात जाणार नाही.

मला वाटलं होतं कुरकुर करेल. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, “फेक्ला, एक्कावन्न आहे ना आज?” मी म्हटलं, मग? तू तर पंचावन्नला लेना ओलांडलीस, अख्खं आवार ती गोष्ट ऐकत मोठं झालं. “हो,” म्हणाला, “ओलांडली होती.” आणि फरचे बूट चढवायला बसला. एक बूट चढवला की थांबत होता. मुद्दाम वेळ काढतो आहे.

आता साडेपाच झाले. खिडकीतून दिसत नाही, धुकं आहे. पण असेल तिथंच.

१५ जानेवारी

प्रोकोपी दवाखान्यात आहे. जिवंत आहे.

काल मी ते लिहून वही मिटली आणि कणीक भिजवायला घेतली. थोड्या वेळानं खालून कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडत होतं. खाली गेले तर एर्मेकच्या दुकानाचं दार सताड उघडं, सगळी ऊब बाहेर चाललेली, आणि प्रोकोपी जमिनीवर, ट्यूलिपच्या बादल्यांमध्ये. एर्मेक टोपी नाही, कोट नाही, गुडघ्यावर बसून त्याच्या जिभेखाली गोळी ठेवत होता. तशाच तपकिरी नळीतली गोळी. त्यानंच त्याला बैलापासून पाठीवर घालून आणलं होतं. एर्मेकचे कान थंडीनं पांढरे पडले होते. स्टुलावर निळा मग होता, अर्धा चहा.

ऑक्टोबरपासून चाललं होतं हे. गार हवा छातीत गेली की याचं काळीज आवळतं, पावाच्या दुकानापर्यंत एका दमात जाता येत नाही, म्हणून मध्ये एर्मेककडे बसायचा. चहा प्यायचा, दम परत आला की उठायचा. गोळ्या कुन्नेयनं तिकडच्या डॉक्टरला विचारून सांगितल्या होत्या. सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ज्यांनी बघितलं त्यांना.

सकाळी त्याच्याजवळ बसू दिलं. मी रडले नाही, मी भांडले. मला एका शब्दानं का बोलला नाहीस?

“कुणाशी बोलू?” म्हणाला. आवाज एवढासा. “आवाराच्या प्रमुखाशी?” मग, “शिंग मीच धरलं होतं, बाई. पडू नये म्हणून. ते हातातच आलं.”

मी त्याला पहाऱ्याला उभं केलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण उद्या मीच ते नाकारीन.

१८ जानेवारी

काल परीक्षक येऊन गेले. मी दवाखान्यात होते. आमच्या बैलाशेजारी माझ्या जागी अकुलिना उभी राहिली आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं, असं कळलं. बक्षीस शाळेच्या घसरगुंडीला मिळालं. आजची सभा मी रद्द केली. एर्मेकला गरम मांसाचं सूप नेऊन दिलं. त्याच्या कानांना पट्ट्या होत्या, हसला की दुखत होतं. मी म्हटलं, दुकान तुझंच आहे. तो म्हणाला, “मला माहीत आहे ताई, भाडं मीच भरतो.”

२४ जानेवारी

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिनं स्पष्ट सांगितलं, ही हवा याच्यासाठी विष आहे. असा आणखी एक हिवाळा तो काढणार नाही, हा तरी निभेल की नाही शंका आहे. मुलीकडे न्या, लवकर न्या.

आणि प्रोकोपी नाही म्हणतो. घरी आला आहे, खिडकीशी बसतो, आणि नाही म्हणतो. मी विनवलं, ओरडले, कुन्नेयनं फोनवर रडून पाहिलं. शेवटी म्हणाला, “अख्खं आवार म्हणेल, प्रोकोपी वितळला. ते ऐकण्यापेक्षा मी इथं मेलेला बरा. ट्रकवाले मला काय म्हणून खांदा देतील?”

शब्द माझाच. माझ्या तोंडातून निघाला आणि याच्या छातीत जाऊन बसला. आता कुठल्या गोळीनं तो निघणार?

३१ जानेवारी

आज पहिलं शिंग उतरवायचा दिवस. दोन्ही आवारं जमली होती. धुकं विरळ होतं, पंचेचाळीस. प्रोकोपी वर खिडकीत, झडप उघडून ऐकत होता. ट्रकवाले मित्र बैलाला टेकून उभे. धिरड्यांची वाफ. हातोडी माझ्या हातात.

प्रमुखानं चार शब्द बोलायचे असतात. मी रात्री जे पाठ केलं होतं ते सगळं विसरले. मग म्हणाले, “माझं एक सांगायचं आहे. मला थंडी वाजते.”

कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं गंमत आहे.

“हसू नका. मला सोसत नाही आता. हाडं दुखतात. मी प्रोकोपीला म्हटलं, मला मुलीकडे ने. तो तयार नाही, तो कशाला तयार होईल, त्याला काय होतंय? पण मी हट्ट धरला आहे. मी वितळले म्हणा, खुशाल म्हणा.”

आणि मी हातोडी घातली. शिंग एका घावात पडलं.

नजरा मी वाचू शकते, पण आज वाचल्या नाहीत, खाली बघत राहिले. मग ट्रकवाल्यांतला एकजण वर खिडकीकडे बघून ओरडला, “काय रे प्रोकोपी, बायकोनं हरवलं तुला?” वरून जरा वेळानं उत्तर आलं, “काय करणार बाबा. बायकोपुढे कुणाचं चालतं?”

संध्याकाळपासून तो तीनदा फोनवर लोकांना हेच सांगतो आहे, आणि दर वेळी जरा जास्तच सुस्कारा टाकतो. त्याला मजा येते आहे असा मला दाट संशय आहे.

१० फेब्रुवारी

निघायचा दिवस. एर्मेकनं गाडी आधीपासून चालू करून आत गरम ठेवली होती, प्रोकोपीला जिन्यापासून गाडीच्या दारापर्यंत चारच पावलं पडली. निळा मग त्यानं कागदात गुंडाळून दिला.

अकुलिना आली. मला वाटलं आता टोमणा येणार, आणि मी तो गिळायची तयारी ठेवली. तिनं माझा गळपट्टा घट्ट बांधला आणि कानाशी तोंड आणलं.

“माझा नवराही दोन हिवाळे खोकतोय. रक्त पडतं. कुणाला सांगू देत नाही.” तिनं गळपट्ट्याची गाठ आणखी एकदा ओढली. “पुढच्या सभेत मलाही थंडी वाजणार आहे.”

गाडीत मी विचार करत होते, हिचा नवरा मला रोज पावाच्या दुकानात भेटायचा. त्याच्या रुमालाकडे मी कधी बघितलं नाही.

२२ फेब्रुवारी, क्रास्नोदार

प्रोकोपी रोज बागेपर्यंत चालत जातो. एका दमात. परत येताना कुणा अनोळखी माणसाला पंचावन्नात लेना ओलांडल्याची गोष्ट सांगून येतो. काल अकुलिनाचा फोन होता, दुसरं शिंग तिनं उतरवलं आणि ती मेमध्ये येते आहे, नवऱ्यासकट.

इथं पाऊस पडतो. भिंती ओल्या, घरात ऊब नाही, हवा अंगाला चिकटून आत शिरते. पाच आहे बाहेर, उणे नव्हे, वरचे पाच, आणि आज दुपारपासून मला खरंच थंडी वाजते आहे. दात वाजावेत अशी. हे मी कुणालाही सांगणार नाही. याकुत्स्कला कळलं तर हसून हसून बैलाची मान गळून पडेल.

मी तोंड मिटून मटार सोलत बसले होते. प्रोकोपीनं विचारलं, “कसं काय?” मी म्हटलं, “बरं आहे.” त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, उठला, आपली गोधडी आणून माझ्या खांद्यावर टाकली आणि पुन्हा वाचायला बसला.

मी चेहऱ्यावर काहीही दिसू दिलं नव्हतं. त्याला कसं कळलं?